अकरावा चिंचोका

"मुठी उघडा," आबा म्हणाले.

मी दोन्ही मुठी उघडल्या. डावी रिकामी, उजवीत अकरा चिंचोके. आबांनी त्यांच्या उघडल्या. डावी रिकामी, उजवीत अकरा.

"सोपान, तुझं?"

सोपानतात्या रस्ता अडवायचं लाल फडकं खांद्यावर टाकून बांधावरनं येत होते. खाकी विजारीला कुसळं चिकटलेली आणि तोंडानं कुणा मेंढक्याला शिव्या चालू.

"माझं धरू नगंस हवालदार," ते म्हणाले. "त्या बाबानं ऐन टायमाला मेंढरं रस्त्यावर आणली. पहिल्या बारालाच बुजली ती थेट हिरीकडं निघाली. आठापातूर मोजलं मी, म्होरं मेंढरांमागं पळत हुतो."

त्यांनी हात पुढं केले. उजव्यात आठ चिंचोके, डाव्यात तीन.

आबा त्या तीन चिंचोक्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"अकराच झालेत आबा," मी म्हणालो. "तुमचेपण अकराच हायत की."

या गोष्टीला तेहतीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात आबांचा दहावा झाला. नदीकाठी नऊ माणसं बोलली. माजी सैनिकांच्या संघटनेचे सुभेदार बोलले, शाळेचे हेडमास्तर बोलले, सरपंच तर दोनदा बोलले. शिस्तीचा माणूस, असं प्रत्येकानं म्हटलं. आणि शेवटी एकजण, चांगल्या मनाचा माणूस हो, पण म्हणाला, "आयुष्यात एकदाच चुकले बिचारे. ते सोडलं तर बोट ठेवायला जागा नाही." मी डोकं भादरून पाटावर बसलो होतो. तिथंच उठून बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. माझी जीभ तेव्हाही अशीच टाळ्याला चिकटली होती. म्हणून आता सांगतोय, आणि सुरुवातीपासून सांगतोय.

आबा म्हणजे हवालदार सर्जेराव काटकर. सतरा वर्षं फौजेत, सुरुंग काढणाऱ्या तुकडीत. सोपान खरात त्यांच्याच तुकडीत नाईक, आणि गावही आमच्या शेजारचंच. एकाहत्तरच्या लढाईनंतर कित्येक महिने दोघं वाळवंटात पोटावर सरपटत, जमिनीत पेरलेले सुरुंग हातानं उकरून काढत होते. एक सुरुंग आबांपासून वीस पावलांवर उडाला. तेव्हापासून त्यांचा डावा कान जड झाला, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पेन्शनीत आल्यावर दोघांनी मिळून विहिरींचे बार उडवायचं काम धरलं. परवाना आबांच्या नावावर. आमच्या माण तालुक्यात हातभर माती आणि खाली नुसता काळा पाषाण. बार उडवल्याशिवाय विहीर खाली जात नाही, त्यामुळं काम बारमाही. मी आयटीआय करून दोन वर्षं घरात बसलो, नोकरी काही लागेना, तेव्हा मीही त्यांच्यात गेलो. घरात बाप आणि कामावर साहेब, दोन्ही एकच माणूस. काय सुख असेल बघा.

"हितं मला आबा म्हणायचं न्हाई. हवालदार म्हणायचं," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं.

"आणि मला नाईकसाहेब," तात्या म्हणाले. "न्हाईतर लोकांस्नी वाटंल, म्हातारी माणसं आणल्यात कामाला."

मी आपला दोघांना आबा आणि तात्याच म्हणत राहिलो. आबांनी आठ दिवस डोळे वटारले, मग सोडून दिलं.

चिंचोक्यांची पद्धत आबांची. विहिरीच्या तळाला जेवढी भोकं पाडून दारू भरली असेल, तेवढे चिंचोके प्रत्येकानं डाव्या मुठीत घ्यायचे. आबा वाती पेटवणार, यारीच्या, म्हणजे दगड वर काढायच्या क्रेनच्या, पाळण्यात बसून वर येणार आणि चालत आडोशाला येऊन बसणार. पळायचे नाहीत कधी. वाती कमीजास्त लांबीच्या, त्यामुळं बार एकामागनं एक उडायचे. दर बाराला एक चिंचोका डाव्या मुठीतनं उजवीत. तोंडानं आकडा म्हणायचा नाही, कुणाला खूण करायची नाही. सगळं शांत झालं की आबा म्हणणार, मुठी उघडा. तिघांचा मेळ बसला तरच विहिरीत उतरायचं. नाही बसला, एकाचाही एक कमी पडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी खाली जायचं नाही, आणि ज्यांनी मोजलं त्या तिघांनी विहिरीची राखण करत तिथंच बसायचं. दुसरा नियम, ज्यानं बार भरला त्यानंच आधी उतरून बघायचं. म्हणजे आबांनी.

"तुझ्या चिंचोक्यांची खळ करून कापडाला लावली असती, तर आख्ख्या पलटणीची इस्त्री झाली असती," तात्या त्यांना चिडवायचे.

"जित्ता हायस नव्हं?" आबा म्हणायचे.

"हाय बाबा."

"मग चिंचोकं मोज."

मोजताना आबा नेहमी माझ्यासमोर बसायचे. पार गुडघ्याला गुडघा लागेल असे. आणि त्यांची नजर माझ्या हातावर. मला त्याचा भारी राग यायचा. बावीस वर्षांचा घोडा मी, मला एक ते अकरा मोजता येत नाहीत का? एकदा तसं बोललोही. तर म्हणाले, "गप. मोठ्यानं बोलाय शीक आधी, पुटपुटू नगंस."

त्या दिवशी सकाळपासूनच आमचं वाजलेलं होतं. पुण्याला एका कारखान्यात फिटरची जागा होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुलाखत. फाट्यावरनं साडेपाचची यष्टी धरली तर रात्री साताऱ्याला, तिथनं पहाटे पुणे. ती चुकली की सगळंच चुकलं, कारण दुसरी गाडीच नव्हती. मी म्हणालो, आज मी कामावर येत नाही. आबा म्हणाले, शिंगाड्यांच्या हिरीला शबुद दिलाय, अकरा बार हायत, तिसरा माणूस कुठनं आणू? चार वाजता सुटशील.

"आणि एखादा बार राहिला म्हणजे?" मी विचारलं.

"मग राहिला," ते म्हणाले.

या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. मग राहिला! म्हणजे मी चिंचोके राखत बसायचं जन्मभर. आई मध्ये पडली, तिनं दशम्या बांधून दिल्या, माझा एकुलता एक पांढरा शर्ट घडी करून पिशवीत घातला. ती पिशवी मी कामावर नेली आणि दिवसभर कडुलिंबाच्या फांदीला टांगून ठेवली. भोकं पाडताना, दारू भरताना माझं निम्मं लक्ष त्या पिशवीकडं.

त्यात कॉम्प्रेसरचा पाइप दोनदा निघाला. चारला व्हायचं ते पावणेपाच झाले. आबा वाती पेटवून वर आले, माझ्यासमोर बसले, बार उडाले, आणि मग त्यांनी म्हटलं, मुठी उघडा.

तर आता मुठी उघडलेल्या होत्या. माझे अकरा, आबांचे अकरा आणि तात्यांचे आठावर थांबलेले.

"तिघांचा मेळ न्हाई," आबा म्हणाले.

"आरं, दोघांचा बसलाय की," तात्या म्हणाले. "माझं चुकलं न्हाई, माझं राहिलं. त्यात फरक हाय."

आबांनी आभाळाकडं बघितलं, माझ्या पिशवीकडं बघितलं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. मी इथं म्हातारा होऊ नये हे त्यांनाही वाटत होतंच. सकाळी बोलले ते बोलले, पण गेल्याच आठवड्यात त्यांनी साताऱ्याला जाऊन माझ्या सर्टिफिकिटांवर सही-शिक्के आणले होते, दिवसाचं काम बुडवून.

"जालू," ते म्हणाले. "अकरा?"

"अकरा."

"नीट सांग."

"अकरा, आबा."

त्यांनी चिंचोके आपल्या कापडी पिशवीत टाकले. "मी उतरून बघतो. मग जा."

"सव्वापाच वाजल्यात," तात्या म्हणाले. "तू उतरणार कवा, वर येणार कवा? फाटा दोन मैल हाय. पोराला सायकलवर घाल आणि यष्टीत बसवून ये. मी बघतो खाली."

"बार मी भरल्यात."

"आणि मी काय तिथं हजामत करत हुतो? अकरा भोकं कुठं हायत ते मलाबी ठावं हाय. जा रं, कारखानदार," तात्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. "पहिल्या पगाराला मला कोल्हापुरी पायताण पायजे. कर्रकर्र वाजणारं."

आबांनी सायकल घेतली. त्या दिवशी त्यांनी दोन नियम मोडले, फौजेपासून पाळलेले. दोन्ही माझ्यापायी.

मी मागं कॅरिअरवर बसलो, पिशवी पोटाशी धरून. वळायच्या आधी मागं बघितलं. विहिरीचे मालक शिंगाडेअण्णा यारीवर उभे होते आणि तात्या हातात पहार घेऊन पाळण्यात बसत होते. मला बघून त्यांनी पाय वर करून दाखवला, पायताण विसरू नको म्हणून.

आम्ही ओढा ओलांडून पलीकडच्या चढाला लागलो होतो. आबा उभे राहून पायडल मारत होते.

तेव्हा बार झाला.

दूरवरचा होता. पण दोन वर्षं तोच आवाज ऐकत होतो, मला कळायला वेळ लागला नाही. ओढ्यातली टिटवी ओरडत उठली. रस्त्यावर पुढं एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालली होती, ती थांबली आणि मागं वळून बघायला लागली.

आबा पायडल मारत होते. एक, दोन, एक, दोन. त्या बाईपाशी आलो, बाई आमच्या मागं बघत होती, आणि आबा तिला म्हणाले, "बाजूला हो आक्का, पोराची गाडी चुकंल."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. बाप माझा पूर्ण बहिरा होता. तो बार त्यांना ऐकू आला नव्हता. मग मघाचे अकरा त्यांनी कुठनं आणले?

मी त्यांच्या पाठीवर बुक्की मारली. त्यांनी पाय टेकला.

"काय रं? पिशवी पडली?"

 मी नुसता हात केला, मागं. विहिरीकडं. आबांनी त्या हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी माझ्या बापाला पळताना बघितलं. सायकल तिथंच टाकून.

तात्यांना वर काढलं ते सांगत नाही. सांगण्यासारखं नाही. सैल दगड बघायला त्यांनी पहार घातली होती, त्याच्याखालीच तो राहिलेला बार होता. आबा स्वतः पाळण्यात बसून खाली गेले आणि तात्यांना मांडीवर घेऊन वर आले. शिंगाडेअण्णा यारीवर उभ्या उभ्या रडत होते. माझी पिशवी रस्त्यात कुठंतरी पडली होती. साडेपाचची यष्टी फाट्यावरनं गेली असेल तिच्या वेळेला, मला तिची आठवणही झाली नाही.

शेवंताकाकू, तात्यांची बायको, रडली नाही. ती आली, फडकं वर करून बघितलं, परत झाकलं. मग आबांसमोर उभी राहिली.

"मोजणी कुणाची हुती?" तिनं विचारलं.

आबांना ऐकू आलं नव्हतं, पण तिनं काय विचारलं असणार ते त्यांना कळलं. मी त्यांच्या मागं चार हातांवर उभा होतो.

"माझी," आबा म्हणाले.

"तुमच्या मोजणीनं माझं घर खाल्लं, भावजी," काकू म्हणाली. "परत माझ्या दारात येऊ नका."

तिसऱ्या दिवशी फौजदार आणि एक तपासणीचे साहेब आले. चावडीत टेबल मांडलं. साहेबांनी विचारलं, मोजायला कोण कोण होतं? आबांचं सगळं लक्ष साहेबांच्या ओठांवर. आता मला ठाऊक होतं म्हणून दिसत होतं. किती वर्षं हा माणूस असा ओठांवर जगत होता, आणि आम्हाला वाटायचं, डावाच कान तेवढा जड आहे.

"मी आणि खरात," आबा म्हणाले. "खरात मेंढरं हटवाय गेला. मग मी एकटाच."

"आणि मुलगा?"

"त्याला पुण्याला जायचं हुतं. तो मोजणीत नव्हता साहेब. तो झाडाखाली कापडं भरत हुता."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बरोबर आहे?"

फौजदार बघत होते, गावातली चाळीस माणसं बघत होती. आबा मात्र बघत नव्हते, त्यांनी मान खाली घातली होती. म्हणजे मी काय म्हणालो ते त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

परवाना रद्द झाला. कोर्टात खटला चार वर्षं चालला, शेवटी निष्काळजीपणाबद्दल शिक्षा झाली. ती त्यांनी कळंब्याच्या तुरुंगात भोगली. फौजेतलं चांगल्या वर्तणुकीचं सर्टिफिकीट भिंतीवर होतं, ते त्यांनी जायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं काढून ट्रंकेत ठेवलं.

पण त्याच्या आधीचं एक राहिलं. चावडीतनं आलो त्या दिवशी आबा मला मळ्यातल्या आंब्याखाली घेऊन गेले. तिथं बसून बोलायला लागले, जरा मोठ्यानंच, बहिरी माणसं बोलतात तसं.

"तुला यक सांगायचंय. मला दोन वरसं झाली, काय ऐकू येत न्हाई. जमीन हादरल्याली कळती, पर किती बार झालं ते कळत न्हाई. परवाना जाईल म्हणून सांगितलं न्हाई कुणाला. सोपानलाबी न्हाई. मी तुझ्या हाताकडं बघून मोजत हुतो. तू चिंचोका सरकवला की मी सरकवायचो."



"तू पोर हायस. यखादा आवाज हुकतो, डोंगरावरनं घुमून परत येतो, त्याचं दोन वाटत्यात. म्हणून तर तीन माणसं ठेवायची. तुझा दोष न्हाई. तू ऐकलंस त्येच मोजलंस. माझा कान धड असता तर मी धरली असती तुझी चूक. मी आंधळ्यावानी तुझ्या मागनं गेलो आणि सोपान माझ्या मागनं. माफ कर मला पोरा. हे ओझं तुझ्यावर यायला नको हुतं."

बापानं माझ्यापुढं हात जोडले. बावीस वर्षांच्या पोरापुढं.

"आणि यखादा राहिला असता," ते पुढं म्हणाले, "तरी तुला यष्टीत बसवलंच असतं मी. सकाळी रागानं बोललो. राखणीला मी आणि सोपान बसलो असतो की. आमाला काय, सवय हाय."

हे ऐकून तरी बोलायचं ना रे माणसा! नाही बोललो. आंब्याच्या मुळीवर मुंगळे चालले होते, ते बघत बसलो.

पुढं मला भोसरीला एका कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली. आबा तुरुंगातनं आले ते शाळेत शिपाई म्हणून राहिले. घंटा वेळेवर द्यायचे, घड्याळाकडं बघून. दर वर्षी त्या तारखेला सकाळी अंघोळ करून ते शेजारच्या गावी चालत जायचे आणि खरातांच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं, तासभर उभे राहायचे. बसायचे नाहीत. काकू दार लावून घ्यायची. एकोणीस वर्षं असं चाललं. विसाव्या वर्षी तिनं दार उघडं ठेवलं, एवढंच. आत या म्हणाली नाही. आबा घरी येऊन आईला ते तीन-तीनदा सांगत होते.

मी त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं, चांगलं महागातलं. त्यांनी ते डबीतनं बाहेरसुद्धा काढलं नाही.

"आता काय ऐकायचंय?" म्हणाले.

गेल्या वर्षी आई गेली आणि आबांनी अंथरूण धरलं. मी नोकरीतनं सुटलोच होतो, गावी येऊन राहिलो. त्यांना माणसं कधी ओळखू यायची, कधी नाही. कधी मला नाव घेऊन हाक मारायचे, कधी हुद्दा विचारायचे. डॉक्टर म्हणाले, दिवस थोडे राहिलेत.

 हा माणूस मी निर्दोष आहे असं समजून जाणार. आपल्या कानानं सोपानला मारलं असं समजून जाणार. मी सांगायचं ठरवलं. त्यांच्या उशाशी बसून बोललो, ओरडून बोललो, शेजारची सून दारात येऊन बघून गेली. आबा माझ्या ओठांकडं बघायचे, पण आता त्यांना ओठही वाचता येत नव्हते. पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी पाटी हातात घेतली आणि पोटावर ठेवली, झालं.

मग एका दुपारी ट्रंक उघडली. सर्टिफिकिटाच्या खाली ती कापडाची पिशवी होती. चिंचोके घासून घासून काळे, गुळगुळीत झालेले. मी अकरा मोजून घेतले आणि आबांच्या खाटेवर त्यांच्यासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. डाव्या मुठीत अकरा.

त्यांची नजर माझ्या हातावर आली. आपोआप. ती नजर मी ओळखली.

मी एक सरकवला. थांबलो. दुसरा सरकवला. बार जसे झाले होते तसे, मधले अंतर धरून. तिसरा, चौथा. सहावा आणि सातवा लागोपाठ झाले होते, तसे ते लागोपाठ. आबांची बोटं चादरीवर हलायला लागली, माझ्या मागनं मागनं. आठ. नऊ. दहा.

दहाव्यानंतर मी थांबलो.

त्या दिवशीही थांबलो होतो. दहावा झाला आणि पुढं काही झालं नाही. मी वाट बघितली. आणखी बघितली. लिंबाला पिशवी लटकत होती. एक बार राहिलाय हे मला स्वच्छ कळलं होतं. माझा कान हुकला नव्हता की डोंगरावरनं काही घुमलं नव्हतं. मला वाटलं, आबा आणि तात्या मोजतायतच की, त्यांचे दहा निघतील, माझं चुकलं म्हणतील, बोलणी खाईन. आणि नाहीच निघाले तर गाडी सापडेल. एवढ्या विचारावर मी अकरावा चिंचोका सरकवला. समोर आबांनी त्यांचा सरकवला.

यावेळी मी सरकवला नाही. दोन्ही मुठी उघडल्या. उजवीत दहा, डावीत एक.

आबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी कोपरावर जोर देऊन मान उचलली आणि बोटानं माझ्या डाव्या हातातला चिंचोका चाचपला.

"ह्यो राहिला?"

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतनं पाणी पडत होतं, ते पुसलं नाही.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांना कळलं की नाही, कुणाला कळलं, जालूच्या बापाला की हवालदाराला, मला आजही सांगता येत नाही. पण आवाज चढला तो कामावरचाच.

"मग आज कुणी खाली जायचं न्हाई."

"न्हाई आबा," मी म्हणालो.

"सोपान कुठाय?" ते दाराकडं बघायला लागले. "हाक मार त्याला. म्हणावं, उतरू नगं."

मी खाटेवरनं उठलो. अंगणात आलो. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उघड्या दारातनं आबा माझ्याकडं बघत होते, मान उचलून, मी हाक मारतोय का नाही ते.

"तात्याऽऽ!" मी ओरडलो. "उतरू नकाऽऽ!"

आबांनी हातानं खुणावलं, अजून मोठ्यानं. मी परत ओरडलो.